तात्यांचे कर्णे आणि गुणवंताचा पाहुणचार

करंजवाडीत गुणवंत नावाचा एक भोळा गडी राहायचा. नाव ठेवणाऱ्यांचा अंदाज जरा चुकला, पण त्यात बिचाऱ्या गुणवंताचा काय दोष? अंगात रेड्याचं बळ, मनात पाप नाही, आणि सांगितलेलं काम जसंच्या तसं करायची हौस. ही हौसच सगळ्या गावाला महागात पडायची.

गुणवंत इसाक मिस्त्रींच्या हाताखाली बिगारी होता. विटा द्याव्यात, गारा कालवावा, मिस्त्री जेवायला गेले की थोडं बांधकामही करावं. भिंत मात्र अगदी सरळसोट, ओळंब्यात बांधायचा हो! त्यात त्याला कुणी नाव ठेवू शकत नव्हतं.

गावात तात्यांचं जुनं टॉकीज होतं. बंद पडून जमाना झाला होता. पण पडद्यामागे दोन विलायती कर्णे अजून बसून होते. थोरला आणि धाकटा. एकेकाचं तोंड बैलगाडीच्या चाकाएवढं! टॉकीज बांधताना कर्णे आले, तेव्हा मागची भिंत अर्धीच झाली होती. दारातून आत जाईनात. तात्या म्हणाले, "आधी कर्णे ठेवा, मग भिंत पुरी करा." तेव्हा सगळ्यांनी तात्यांच्या हुशारीची वाहवा केली. ते बाहेर कसे काढायचे हे कुणी विचारलंच नाही. आत शिरायला एक बोळकांडी होती, तीही पुढे जिन्याखाली बुजली. आता वरच्या झरोक्यातून फक्त कबुतरं ये-जा करत.

आणि आता कर्णे बाहेर हवे होते. तात्यांच्या नातीचं, पल्लवीचं लग्न होतं, टॉकीजच्या मागेच, घराच्या अंगणात. तात्यांचे कान गेले होते. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ते नुसते हसायचे. पुतण्याच्या लग्नात सगळे जेवून हात धुवायला लागले, तेव्हा ह्यांनी अक्षता टाकल्या. लोक हसले. तात्याही हसले, पण घरी येऊन जेवले नाहीत.

म्हणून या वेळी त्यांनी हट्टच धरला. "पल्लवीच्या लग्नाला 'सावधान' मी माझ्या कानांनी ऐकणार. माझे कर्णे काढा. भाड्याच्या त्या स्पीकरच्या खोक्यांनी माझं पोट थरथरतं, कानात काही शिरत नाही."

गुणवंताचा तात्यांवर भारी जीव. लहानपणी तात्यांनी त्याला किती सिनेमे फुकट दाखवले होते! तो म्हणाला, "तात्या, कर्णे मी काढतो." तात्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून ते घाबरले नाहीत.

मिस्त्रींनी मागची भिंत फोडायला घेतली. गुणवंत शिडीवर चढला. मिस्त्री म्हणाले, "वरच्या विटा काढ आणि खाली टाक."

गुणवंताने टाकल्या. पहिलीच वीट मिस्त्रींच्या सायकलवर पडली. दुसरी मिस्त्रींच्या डब्यावर.

"अरे माझ्या कर्मा! जड वस्तू वरून अशी टाकतात? दोराला बांधायची आणि हळूच खाली सोडायची!"

"चुकलं मिस्त्री. पुढल्या वेळी अगदी तस्संच करीन."

तेवढ्यात घराच्या वरच्या गॅलरीतून शोभावहिनींनी हाक मारली. शोभावहिनी म्हणजे तात्यांच्या सूनबाई, नवरीची आई. "गुणवंता, चहा ने रे खाली सगळ्यांना."

गुणवंत वर गेला. चहाची भरलेली किटली चांगली जड होती. गुणवंताने तिला दोर बांधला आणि कठड्यावरून हळूच खाली सोडली. अगदी हळूच. मध्येच ती कलंडली. खाली अरविंददादा, म्हणजे नवरीचा बाप, नव्या कोऱ्या पांढऱ्या सदऱ्यात मांडववाल्याशी बोलत उभा होता. आता सदरा पांढरा राहिला नाही.

दादा ओरडला ते वेगळं आणि वहिनी ओरडल्या ते वेगळं. "चहा काय वीट आहे? असली वस्तू दोन्ही हातांत धरायची, वर झाकण ठेवायचं, आणि जपून आणून माणसाच्या हातात द्यायची. कळलं?"

"चुकलं वहिनी. पुढल्या वेळी अगदी तस्संच करीन."

दुपारपर्यंत भिंतीला भलंमोठं भगदाड पडलं. आत थोरल्या कर्ण्यात एक गलेलठ्ठ कबुतर बसलं होतं. दादा म्हणाला, "गुणवंता, तेवढं कबुतराचं बघ रे."

गुणवंताने बघितलं. पातेलं आणलं. कबुतर दोन्ही हातांनी धरून त्यात ठेवलं, वर झाकण घातलं, आणि जपून, एक पीसही न सांडता स्वयंपाकघरात नेऊन वहिनींच्या हातात दिलं.

"काय आहे रे?"

"तुम्हीच बघा वहिनी. गरम आहे अजून."

वहिनींनी झाकण काढलं. पुढचं काय सांगावं! कबुतर आधी बुंदीच्या परातीत उतरलं, मग नवरीच्या आत्याबाईंच्या अंबाड्यावर बसलं, मग पिठाच्या डब्यात अंघोळ करून पुन्हा अंबाड्यावर आलं. आत्याबाई किंचाळत अंगणात पळाल्या आणि कबुतर काही त्यांना सोडेना.

दादा धावत आला. "अरे शहाण्या, असलं कुणी आत शिरलं तर हात वर करून ओरडायचं! हुश्श म्हणायचं! फाटकाबाहेर जाईपर्यंत पाठलाग सोडायचा नाही!"

"चुकलं दादा. पुढल्या वेळी अगदी तस्संच करीन."

पुढची वेळ यायला उशीर लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून नवरदेवाचे चुलते बळवंतराव आत शिरले. वऱ्हाडाच्या आधी व्यवस्था बघायला आले होते. डोक्यावर तुरेदार फेटा, कोटाच्या बाह्या फुगलेल्या.

गुणवंताने हात वर केले. "हुश्श! हुश्श्श! हाऽऽड!"

बळवंतरावांनी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. मग ते पळाले. फाटकाबाहेर जाईपर्यंत सोडायचं नाही असं सांगितलं होतं, पण बळवंतराव इतके छान पळत होते, की गुणवंताने त्यांना एसटी स्टँडपर्यंत पोचवलं.

त्यांना परत आणताना दादाच्या नाकी नऊ आले. पाया पडला, शपथा घातल्या, दोष उन्हावर ढकलला. लग्न मोडता मोडता राहिलं. मग गुणवंताला कोपऱ्यात घेऊन दादा अगदी हात जोडून म्हणाला, "बाबा रे, नीट ऐक. दारात कुणी आलं तर त्याला आत घ्यायचं. गळ्यात हार घालायचा. तोंडाला वारा लागेल असं बसवायचं. दार लावून घ्यायचं, एकटं सोडायचं नाही, आणि जेवल्याशिवाय जागचं हलू द्यायचं नाही. ध्यानात राहील?"

"राहील दादा. चुकलं. पुढल्या वेळी अगदी तस्संच करीन."

मग सगळे कर्ण्यांच्या मागे लागले. खाली गोल लाकडं घातली. पुढून मिस्त्री ओढतायत, मागून गुणवंत रेटतोय. थोरला भगदाडात अडकला तो अडकलाच. मिस्त्रींनी चार विटा अजून काढल्या, गुणवंताने खांदा लावला, आणि थोरला धाडकन बाहेर आला. मागोमाग धाकटा.

तात्या काठी टेकत आले. त्यांनी थोरल्यावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली. "आलास का बाबा बाहेर?" एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. गुणवंताचेही भरले. मिस्त्रींनी उगाच थापी धुवायला घेतली.

कर्ण्याच्या मागे, मानेजवळ, आवाजाचा डबा असतो. दादाने दोन्ही डबे काढून साफ करायला घरात नेले. "मुहूर्ताच्या आधी परत बसवू, तारा जोडू, की काम झालं," म्हणाला. तेवढ्यात वऱ्हाड वेशीवर आल्याची वर्दी आली. सगळे वाजतगाजत सामोरे गेले. मिस्त्री अंघोळीला गेले. जाताना दादा म्हणाला, "गुणवंता, कर्ण्यांकडे लक्ष ठेव."

गुणवंत लक्ष ठेवून बसला. अंगणात कडक ऊन. दोघे बिचारे दारात उभे. कुणी 'या' म्हणत नव्हतं, कुणी पाणी विचारत नव्हतं. गुणवंताला फार वाईट वाटलं. मग त्याला आठवलं, आणि तो ताडकन उठला. या वेळी काही चुकवायचं नाही!

त्याने दोघांना हार घातले. लाकडांवरून ढकलत भगदाडातून आत घेतलं. तोंडाला वारा लागेल असं, बाहेर तोंड करून बसवलं. आता दार लावून घ्यायचं. पण भगदाडाला दार कुठलं? भगदाड बुजवायला कालवलेला गारा ओला होता, विटा पडल्याच होत्या. गुणवंताने आतून भिंत बांधून घेतली. कर्ण्यांच्या तोंडाभोवती विटा अशा बसवल्या, की सुई जायला जागा नाही. अगदी ओळंब्यात. मग थोरल्याच्या मानेशी मांडी घालून बसला, कारण पाहुण्यांना एकटं सोडायचं नव्हतं.

वऱ्हाड मांडवात आलं. दादा डबे घेऊन धावत आला आणि भिंत बघून मटकन खाली बसला. "डबे बाहेर, माना आत! गेला कुठे तो गाढव?"

"आता फोडायला वेळ नाही," मिस्त्री म्हणाले. भिंत थापीने ठोकून बघत पुटपुटले, "बांधलीय मात्र झकास."

मुहूर्त जवळ आला होता. अंतरपाट धरला गेला. तात्या भिंतीसमोरच खुर्चीवर बसले होते, मुठीत अक्षता घट्ट धरून. भटजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं. तात्यांनी भटजींचे हलणारे ओठ बघितले, कर्ण्यांकडे बघितलं. काही नाही. त्यांनी मान खाली घातली. पल्लवीने अंतरपाटाच्या कडेने आजोबांकडे पाहिलं आणि तिला हुंदका आला.

आत गुणवंत वाट बघून कंटाळला होता. जेवल्याशिवाय पाहुणे हलवायचे नाहीत, हे खरं. पण वाढायला तर कुणी येईना! त्याने थोरल्याच्या मानेला तोंड लावलं आणि छाती भरून हाक दिली.

"पाहुणे उपाशी बसलेत होऽऽ! पानं वाढाऽऽ!"

मांडवाच्या झालरी हलल्या. नवरदेवाची घोडी बुजली. तात्या खुर्चीतून उभेच राहिले.

"ऐकू आलं!" ते ओरडले. "अरविंदा, मला ऐकू आलं! झालं लग्न! पानं वाढा म्हणतायत!"

आणि त्यांनी मुठीतल्या सगळ्या अक्षता उधळल्या. घरातला वडील माणूस अक्षता उधळतो म्हटल्यावर सगळ्यांनी उधळल्या. अक्षता पडल्या म्हणून वाजंत्री वाजली. वाजंत्री वाजली म्हणून आचाऱ्याने वाढायला घेतलं. तात्या पुढे, वऱ्हाड मागे, सगळं गाव पंगतीला जाऊन बसलं. मांडवात उरले भटजी, अंतरपाट धरणारे दोघे, आणि दोन बाजूंना नवरा-नवरी. पल्लवी इतकी हसत होती, की तिच्या मुंडावळ्या सुटल्या. भटजींनी बाकीची मंगलाष्टकं रिकाम्या खुर्च्यांना ऐकवली, आणि शेवटच्या 'सावधान'ला पंगतीत मठ्ठ्याचे भुरके ऐकू आले.

दादा तावातावाने भिंतीशी आला आणि कर्ण्यात तोंड घालून ओरडला, "गुणवंता! आत काय करतोयस?"

"पाहुण्यांपाशी बसलोय दादा!" कर्णा गरजला. "पानं अजून आली नाहीत. आणि हे दोघं फार लाजरे आहेत. पाणीसुद्धा मागत नाहीत. कुणीतरी घरचं माणूस आग्रहाला पाठवा!"

दादाने डोक्याला हात लावला. पण पंगतीत तात्यांनी हातातला घास खाली ठेवला होता. शब्द न् शब्द ऐकू आला होता त्यांना. ते उठले, ताटातले दोन लाडू घेतले आणि काठी टेकत कर्ण्यांकडे निघाले.

"बसा रे तुम्ही," म्हणाले. "आग्रह मी करतो."