नंबर नसलेली काच

एका घाटाच्या पायथ्याच्या गावात एकदा एक वृद्ध चष्मेवाला राहत होता. तारुण्यात तो तिथल्याच चित्रपटगृहात यंत्रावर रिळे चढवायचा. चित्रपटगृह बंद पडले तेव्हा लोकांनी पंखे नेले, पत्रे नेले. याने चार खुर्च्या आणल्या, चष्म्याचे दुकान मांडले आणि पाटीवर नाव रंगवले : ‘पडदा’. डोळे तपासायला त्याच्याकडे अक्षरांचा तक्ता नव्हता. समोरच्या भिंतीवर कधीच न निघालेल्या चित्रपटाची, स्वतः रंगवलेली जाहिरात असे. वर ठळक नाव, खाली बारीक होत गेलेल्या ओळी. गिऱ्हाइकाने थिएटरच्या खुर्चीत बसून वाचत खाली उतरायचे. जाहिरात रोज बदलायची, म्हणजे पाठ करून येण्याची सोय नाही.

त्याची एक शिष्या होती. तिशी ओलांडलेली, शहरातून रीतसर शिकून आलेली, चित्रपटांची तितकीच वेडी. पुढेमागे दुकान तिच्याच हाती यायचे होते.

रस्त्यापलीकडे एका व्यापाऱ्याने चष्म्यांचे मोठे, झगझगीत दुकान थाटले होते. एकदा त्याने शिष्येला चहाला बोलावले.

“ताई, तुम्ही शिकलेल्या. म्हाताऱ्याच्या डोळे तपासायच्या पेटीतल्या काचा कधी मोजून पाहिल्यात? नाही, मी काही म्हणत नाही हं. आपलं सहज.”

‘मी काही म्हणत नाही’ म्हणणाऱ्याचे सगळे म्हणून झालेले असते. पण हे कळायला चार पावसाळे जास्त लागतात, पदवी पुरत नाही.

तिने पेटी उघडली. प्रत्येक काचेच्या कडीवर नंबर कोरलेला. एकीवर मात्र काहीच नाही, आणि तिचीच कडी हाताळून हाताळून सर्वांत गुळगुळीत झालेली! तिने ती नंबर मोजायच्या यंत्राखाली धरली. शून्य. खिडकीला लावावी तशी साधी काच.

त्या दिवसापासून ती पाळत ठेवू लागली. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे वृद्ध केव्हातरी तीच काच सरकवायचा आणि हळूच विचारायचा, “आता?” दहातले सहा जण म्हणायचे, “वा आबा! आता कसं लख्ख!” म्हातारा मिशीत हसायचा. ते हसू तिला आता लबाडाचे दिसू लागले. त्याने गिऱ्हाइकाला पाजलेला चहासुद्धा सापळा वाटू लागला. संशयाला एकदा घरात घेतले की तो चुलीचाही ताबा घेतो. मग काहीही खा, चव त्याचीच.

एके सकाळी घाटातून माणसे ने-आण करणारा जीपवाला आला. जीपमालकाने ‘डोळे तपासून चिठ्ठी आण’ म्हणून पिटाळले होते. नंबर निघाला तर जीपची किल्ली जाईल, ही त्याला धास्ती होती. बाहेर जीपमध्ये दहा माणसे खोळंबली होती.

वृद्धाने ती काच सरकवली. “आता?”

“एकदम झकास, आबा! मुंगीसुद्धा दिसते.”

शिष्येचा संयम सुटला. “दादा, उठा! ही साधी काच आहे. हे सगळ्यांना असंच भुलवतात.”

जीपवाला टुणकन उठला. “म्हणजे माझे डोळे चांगले आहेत! देव तुमचं भलं करो, ताई.”

वृद्ध जागचा हलला नाही. “पोरी, तुझी खात्री आहे?”

“आहे.”

“मग त्याच्या शेजारी बस आणि घाट चढून-उतरून ये.”

ती दारापर्यंत गेली. जीपमधल्या एका बाईच्या मांडीवर लेकरू झोपले होते. शिष्येचे पाऊल उंबऱ्यावर अडले. ती वळून म्हणाली, “दादा, तेवढी शेवटची ओळ वाचा बरं.”

“दिग्दर्शक,” तो ताडकन म्हणाला.

भिंतीवर लिहिले होते : वेशभूषा.

“अहो, शेवटी दिग्दर्शकाचंच नाव असतं की!” जीपवाला पुटपुटला, आणि मान खाली घालून पुन्हा खुर्चीत बसला.

शिष्या बाहेर गेली आणि तिने माणसांना उतरायला सांगितले. “आता कशाने जायचं, बाई? तुमच्या चष्म्यावर बसून?” असे टोमणे मुकाट्याने ऐकून ती आत आली. तोवर वृद्धाने खरा नंबर शोधला होता आणि जीपवाला स्वतःशीच नवलाने वाचत होता, “वे-श-भू-षा.” चिठ्ठीत नंबर लिहून वृद्धाने खाली जोडले : ‘चष्मा लावून हा माणूस उत्तम पाहतो. चष्मा तयार होईपर्यंत तीन दिवस किल्ली दुसऱ्याकडे द्यावी, मग याचीच.’

तो गेल्यावर वृद्ध म्हणाला, “चित्रपट धूसर झाला की थिएटर ओरडायचं. मी नुसता हात लेन्सजवळ न्यायचो, फिरवायचो नाही. निम्मे लोक म्हणायचे, ‘आता कसं स्वच्छ!’ एकच बाई ओरडत राहायची, ‘मेल्या, अजून धूसरच आहे!’ तिच्या ओरडण्यावर मी लेन्स फिरवून नीट लावायचो. पुढे तिच्याशीच लग्न केलं. माणूस भीतीनं, भिडेनं ‘दिसतं’ म्हणतो. साध्या काचेतून ज्याला लख्ख दिसलं, त्याला मी पुन्हा ‘दिसतं का’ विचारत नाही, वाचूनच घेतो.”

“मला माफ करा, आबा. मी तुमच्यावर संशय घेतला.”

“घ्यावा की! न घेणाऱ्याच्या हाती मी दुकान देणार नव्हतो. पण अर्धाच का घेतलास? त्या व्यापाऱ्यानंही तुझ्या डोळ्यांपुढे एक काच सरकवली आणि विचारलं, ‘आता?’ तिच्यावर नंबर होता का, ते पाहिलंस?”

शिष्येने ती बिननंबरची काच पदराने पुसली आणि पेटीच्या पहिल्या खाचेत ठेवली. मग रंगाचा डबा उघडत म्हणाली, “उद्याची जाहिरात मी रंगवते.”

“रंगव. शेवटी दिग्दर्शक नको.”

संशय घ्यायचा तर पुरता घ्यावा. आणि कुणी गोड आवाजात ‘आता दिसलं ना?’ म्हणाले, की आधी त्याची काच यंत्राखाली धरावी.