मागच्या खोलीतलं लोणचं

“म्हणजे बायकांना दर महिन्याला चार-चार दिवस घरी बसवू?” केतकीने उंबऱ्यातूनच विचारलं.

गोदाक्का मोहरी पाखडत होत्या. त्यांनी सूप थांबवलं नाही.

केतकी लोणचं घालायला शिकली ती त्यांच्याच हाताखाली. नंतर कॉलेजात अन्नशास्त्र शिकली आणि राहत्या घरीच धंदा थाटला. आता तिच्याकडे पाच जणी कामाला होत्या. गावातल्या मंगल कार्यालयाच्या मालकीणबाई लग्नसराईचं सगळं लोणचं तिच्याकडून घ्यायला तयार होत्या. अट एकच. पाळी आलेल्या बाईचा हात बरणीला लागता कामा नये.

“ऐकलं, तर दर आठवड्याला एकीची मजुरी बुडणार. नाही ऐकलं, तर पाचींचं चार महिन्यांचं काम जाणार.”

“अजून काय म्हणाली ती?”

“म्हणाल्या, लहानपणी लग्नात गोदाक्कांचं लोणचं खायचो, तसं सोवळ्यातलं हवं.”

सूप थांबलं. आक्का इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला.

केतकीने पाणी दिलं, पण रागानेच. “हसा तुम्ही. तुमच्या पिढीने मान खाली घालून सगळं ऐकलं. ते आम्ही निस्तरतोय.”

आक्कांचं हसू काही थांबेना.

“बोला ना.”

आक्कांनी पदराने डोळे पुसले. “ती मागची खोली उघड.”

खोलीत एक झरोका, एक गंजलेली विळी. भिंतीवर हळद-तेलाच्या बोटांचे ठसे. जमिनीवर बसलेल्या माणसाचा हात पोचेल, तेवढ्याच उंचीवर.

केतकीने वाकून एका ठशावर बोट ठेवलं.

“इथे कोण बसायचं, आक्का?”

“मी. सासूबाई बसवायच्या. महिन्याचे चार दिवस.”

“...आणि लोणचं?”

“कैरी, लिंबू, मिरची. सगळ्यांचा मुहूर्त तोच.”

“कुणाला कळलं नाही?”

“विटाळाच्या भीतीने या दाराला कुणी शिवायचंसुद्धा नाही. कडी लावायची गरज नव्हती.” आक्कांनी सूप पुन्हा हातात घेतलं. “सासूबाई चाटून खायच्या आणि गावभर सांगायच्या, आमच्या सुनेचं सोवळं कडक.”

केतकीला हसू आवरेना. मग ते एकदम थांबलं. “हे मालकीणबाईंना सांगू?”

“सांग. आधी फोड वाढ, मग सांग.”

“आणि ऑर्डर गेली तर?”

“पाच जणी आहेत ना तुझ्याकडे? मी एकटी होते.”

केतकी चप्पल घालून निघाली. अंगणातून परत आली.

“पण आक्का, त्याच चार दिवसांत का? एरवी तर उघडपणे घालता आलं असतं.”

आक्कांनी तिच्याकडे पाहिलं. शिकलेल्या लाडक्या लेकीकडे बघावं, तसं.

“बाकीचे सव्वीस दिवस मला या घरात कोण बसू देत होतं, पोरी?”