राणीला 'नाही' म्हणणारं मंडळ

एका राज्यात शाल्मली नावाची राणी होती, आणि त्या राज्यात पोरांना 'का' विचारायची चोरी होती. मांत्रिकाचा शापच होता तसा: जे मूल 'का' म्हणेल, ते दगड होईल. त्यामुळे शाळेत पोरं पाणचक्कीचे अन् ग्रहगोलांचे पाठ घडाघडा म्हणत, पण चक्की फिरते कशी हे एकाला सांगता येईल तर शपथ. अशात एका संध्याकाळी राजकन्या उत्पला म्हणाली, "आई, चंद्र आपल्याबरोबर का चालतो?" आणि गुडघ्यापर्यंत दगड झाली.

राणी तशीच उठली. ती धुक्याच्या वनात गेली. तिथे झाडं झोपेत चालतात आणि भारद्वाज पक्षी माणसासारखा बोलतो.

"उपाय सांग," राणी म्हणाली.

"विद्या कशी शिकवावी, याचा सल्ला देणारं मंडळ नेम. त्याने तुला मनापासून 'नाही' म्हटलं, की शाप फिटेल. बैठका तीनच."

राणीने एक गणिती, एक यंत्रकार आणि इरावती नावाची वैद्य यांना नेमलं. पण दरबाराची रीत अशी, की राणी काहीही बोलो, उत्तर एकच: "आज्ञा." पहिल्या बैठकीत राणी म्हणाली, "पाठांतर दुप्पट करावं." तिघे म्हणाले, "आज्ञा." दगड उत्पलाच्या कमरेला पोचला. दुसऱ्या बैठकीत राणीने खडसावलं, "मला नाही म्हणा." तिघांनी माना लववल्या. "आज्ञा. नाही." आता काय करावं या शहाण्यांचं! दगड गळ्याशी आला.

तिसऱ्या बैठकीत राणीला ना पक्षी आठवला, ना शाप फेडायचा उपाय. तिला फक्त सिंहासनाशेजारी उभ्या केलेल्या लेकीचे भ्यालेले डोळे दिसत होते.

"उद्यापासून सगळ्या शाळा बंद," ती म्हणाली. "आणखी कुणाच्या लेकराचं असं व्हायला नको."

इरावती उठली.

"नाही, राणीसाहेब. उद्या रोग्याची नाडी मी कुणाच्या हाती सोपवू? शाळा बंद होणार नाहीत. तिथे मुलांनी आधी विचारावं, मग शिकावं."

राणीचा हात संतापाने तलवारीकडे गेला. तेवढ्यात शेजारी कुणीतरी शिंकलं. उत्पलाच्या नाकात झडलेल्या दगडाची धूळ गेली होती.

राणीने लेकीला पोटाशी धरलं आणि ढसाढसा रडली. मग सवयीने हुकूम सोडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. सिंहासनावरून उतरून ती तिघांशेजारी जमिनीवर बसली.

"मला यातलं कळत नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

तिघेही एकदम बोलू लागले, आणि एकाचंही दुसऱ्याशी पटेना. राणी ऐकत राहिली.