चिमी उंदरी आणि बॉनेटचा नमदा

एक होती मोटार. हिरवी. म्हातारी. डोळे गोल गोल.

तिच्या बॉनेटखाली होता लोकरीचा नमदा. जाड. मऊ. उबदार. नमद्याच्या घडीत राहायची चिमी उंदरी. तिची पिल्लं तीन.

एक दिवस झाडावरून कवठ पडलं. धप्प!

बॉनेटला पोचा पडला. जुना नमदा फाटला. भुरुभुरु उडून गेला. उरला गार पत्रा.

पिल्लं कुडकुडली. चीं चीं चीं!

"रडू नका," चिमी म्हणाली. "ऊब घेऊन येते."

निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

गॅरेजात होता भैरू मिस्त्री. मिशा झुपकेदार.

"मिस्त्रीबाबा, मिस्त्रीबाबा, बॉनेट नीट करा. पिल्लांची थंडी जाईना."

मिस्त्री म्हणाला, "पोचा काढीन गं. पण आतून लावू काय? तुझं शेपूट? आधी नमदा आण. मग करतो."

चिमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

भेटले लाडलेचाचा पिंजारी. ते नमदे करायचे.

"चाचा, चाचा, नमदा द्या. मिस्त्री बॉनेट करीना, पिल्लांची थंडी जाईना."

चाचा म्हणाले, "नमदा काय झाडाला लागतो, बेटी? आधी लोकर आण. मग देतो."

चिमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

भेटली मेंढी.

"मेंढीमावशी, मेंढीमावशी, लोकर दे. चाचा नमदा देईना, मिस्त्री बॉनेट करीना, पिल्लांची थंडी जाईना."

मेंढी म्हणाली, "बेंऽऽ! पोट रिकामं, आणि लोकर मागतेस? आधी शेंगा आण. मग देते."

चिमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

भेटली बाभूळ.

"बाभूळबाई, बाभूळबाई, शेंगा दे. मेंढी लोकर देईना, चाचा नमदा देईना, मिस्त्री बॉनेट करीना, पिल्लांची थंडी जाईना."

बाभूळ म्हणाली, "शेंगा वर. तू खाली. आधी कावळ्याला फांदी हलवायला सांग. मग देते."

कावळा होता जवळच. कुंपणावर.

"कावळेदादा, कावळेदादा, फांदी हलव. बाभूळ शेंगा देईना, मेंढी लोकर देईना, चाचा नमदा देईना, मिस्त्री बॉनेट करीना, पिल्लांची थंडी जाईना."

कावळा म्हणाला, "काव काव! दिसत नाही का? पाय अडकलाय पतंगाच्या दोऱ्यात. आधी दोरा तोड. मग हलवतो."

कुंपणाला काटे. हे एवढे! पण घरी पिल्लं कुडकुडत होती.

चिमी चढली. काटा टोचला. तरी चढली. दोरा धरला दातात. कुरतुड कुरतुड कुरतुड!

दोरा तुटला. कावळ्यानं फांदी हलवली. खुळखुळ खुळखुळ! बाभळीनं शेंगा दिल्या.

"उपकार झाले, दादा. उपकार झाले, बाई."

मेंढीनं शेंगा खाल्ल्या. करम करम! मेंढीनं लोकर दिली.

"उपकार झाले, मावशी."

चाचांनी लोकर पिंजली. टंग टंग! पाणी शिंपडलं. पायांनी तुडवली. थप थप! चाचांनी नमदा दिला.

"उपकार झाले, चाचा."

मिस्त्रीनं पोचा काढला. ठाक ठाक! गंज घासला. खसखस! मग कात्री घेतली.

"कडेनं दोन बोटं कमी कापायचा," तो म्हणाला. "नाहीतर बॉनेट बसत नाही."

कचकच कचकच! नमदा आत लागला. घट्ट. सपाट. बॉनेट मिटलं.

चिमीनं खालून डोकावून पाहिलं. घडी नाही. फट नाही. शिरायला जागाच नाही!

"मिस्त्रीबाबा, माझी पिल्लं कुठं निजतील?"

"बॉनेटखाली? छे! तुझे दात मला ठाऊक आहेत. वायरी कुरतडशील."

चिमीचं तोंड एवढंसं झालं.

मिस्त्री वाकला. जमिनीवर पडलेले नमद्याचे तुकडे गोळा केले. एक रिकामा डबा घेतला. तुकडे आत अंथरले.

"नमदा गाडीचा. कातरण आणणाऱ्याचं. आमच्या गॅरेजचा नियम आहे. ने!"

चिमीनं पिल्लं आणली. एक, दोन, तीन. डब्यात शिरली. जाड. मऊ. उबदार.

चीं चीं थांबलं.

"उपकार झाले, बाबा."

"पुरे. पिल्लं उठतील," मिस्त्री म्हणाला. आणि हातोडी हळूच खाली ठेवली.

ज्यानं गोष्ट ऐकली, त्यानं पांघरूण ओढावं. ज्यानं पांघरूण दिलं, त्याचे उपकार मानावे.