आमदारांचं डोकं मशीनमध्ये

आमदार धुमाळांनी दवाखान्यात येऊन दम भरला, "विरोधकांच्या मेंदूत बिघाड आहे असं लिहून द्या, नाहीतर तुमचं हे मेंदू तपासायचं मशीन दुसऱ्या गावी जाईल!"

डॉक्टर रेवती खोत चक्रावल्या. कुठल्याही पक्षाचा माणूस तपासा, मेले सगळे मेंदू सारखेच दिसत होते! बिघाड आणायचा कुठून?

शेवटी त्या म्हणाल्या, "साहेब, ताडून पाहायला एक शहाणं डोकं हवं. तुमचंच द्या."

साहेब फुगून मशीनमध्ये आडवे झाले.

"विरोधी पुढाऱ्याचं भाषण वाचते," म्हणत बाईंनी सुरुवात केली.

"अक्कल गहाण टाकलीय मेल्यानं!" साहेब आतून गरजले. पडद्यावर मेंदूतला रागाचा भाग लालभडक झाला.

"भाषण तुमचंच आहे, साहेब. मी फक्त नाव बदललं. आता बिघाड कुणाच्या नावावर लिहू?"

मशीन गावातच राहिलं. चिडावं कुणावर, ते मात्र साहेबांना अजून कळलेलं नाही.