भुईचाफ्याचा रिकामा वाफा

एकदा एक कापडाचा व्यापारी, वय साठीला टेकलेले असताना, एका वृद्ध माळ्याकडे शिष्य होऊन गेला. गावाला याचे मोठे नवल वाटले. ज्याने जन्मात कधी तुळशीलाही स्वतःच्या हाताने पाणी घातले नव्हते, तो आता खुरपे धरणार, यावर पारावर दोन दिवस थट्टा चालली. परंतु व्यापाऱ्याला बागेची हौस नव्हती. त्याला आपली लेक परत हवी होती.

लेकीचे नाव वत्सला. ती घाटाखालच्या गावी दिली होती आणि जावई हातमागावर कापड विणीत असे. दर चैत्रात गौर बसली की वत्सला माहेरी येई आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत राही. दोन वर्षांपूर्वी तिने आईसाठी नवऱ्याने विणलेले डाळिंबी लुगडे आणले. हळदीकुंकवाला आळीतल्या बायका जमल्या होत्या, पन्हे आणि आंब्याची डाळ वाटली जात होती. व्यापारी सहज दारात आला, सवयीने लुगड्याचा पदर दोन बोटांत चोळला आणि म्हणाला, "रंग जाणार."

चाळीस वर्षे त्याची बोटे कापड पारखीत आली होती. घर कोणते आणि दुकान कोणते हे त्या बोटांना कळत नसे. बायका हसल्या. वत्सला हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बोचके उचलले आणि उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "जाते."

आपल्याकडे असे कोणी म्हणत नाही. माणूस कोसभर जावो की काशीला, घरातून निघताना 'येतो' म्हणतो. भांडून निघालेलासुद्धा फणकाऱ्याने का होईना, 'येतो' म्हणूनच निघतो. वत्सलेने तो शब्द जाणूनबुजून गिळला होता. त्यानंतर दोन चैत्र आले आणि गेले, वत्सला आली नाही. बापाने अकरा पत्रे पाठवली. एकाचेही उत्तर आले नाही.

तेव्हा त्याला आठवले की पोरीला लहानपणी फुलांचे वेड होते. परसात अशी बाग करावी, की चैत्रात तिची वार्ता ऐकूनच पोरगी धावत येईल, असे त्याने ठरवले. आषाढात त्याने शहरातून बारा महिने हिरवी राहणारी, परदेशी जातीची फुललेली झुडपे गाडीभर आणली आणि माळीबुवांना दाखवली.

बुवांनी ती पाहिली, आल्यागेल्याची विचारपूस करावी तशी हाताळली, आणि म्हणाले, "छान आहेत. दुकानापुढे ठेवा. परसात मात्र मी देतो ती लावायची."

त्यांनी आपल्या बागेतली वाढलेली रोपे दिली. कुंपणाकडेला कुडा, उताराला धायटी. डोंगरावर गुरे वळणाऱ्यांनाही माहीत असलेली ही झुडपे पाहून व्यापारी मनातून खट्टू झाला. पायरीसमोरच्या सर्वांत चांगल्या वाफ्यात बुवांनी भुईचाफ्याचे कंद लावायला सांगितले. पावसाळाभर त्याची रुंद पाने डोलत राहिली. व्यापाऱ्याने चिखलात बसून तण काढले, तळहाताला घट्टे पाडून घेतले. रोज संध्याकाळी तो बायकोला म्हणे, "यंदा येईल बघ."

पुढे थंडी पडली. भुईचाफ्याची पाने पिवळी पडली, आडवी झाली, मातीत विरून गेली. कुड्याने अंगावरचे सगळे उतरवून ठेवले. पौषात परसात उभ्या राहिल्या त्या काटक्या, आणि पायरीसमोर उघडी माती. व्यापारी सकाळ-संध्याकाळ त्या मातीवर घागरी रिकाम्या करू लागला. कोंब आला का, म्हणून एक दिवसाआड बोटाने उकरून पाहू लागला. एके दिवशी बोटाला मऊ, आंबूस वासाचा कंद लागला आणि तो तसाच धावत बुवांकडे गेला.

"मेलं सगळं," तो म्हणाला. "चैत्र दोन महिन्यांवर आला, बुवा. पोरीला मी काय दाखवू?"

बुवा आले. त्यांनी वाफा पाहिला. ओढ्यावरून गोटे आणवून त्यांनी त्या रिकाम्या मातीभोवती कडे केले. भरलेली घागर उचलून दूर नेली आणि पालथी घातली. मग वहाणा घालता घालता त्या उघड्या जमिनीकडे वळून म्हणाले, "येतो हं."

व्यापाऱ्याचा संताप झाला. "तिथं आहे कोण, बुवा? मातीचा निरोप कसला घेता?"

बुवा पायरीवर बसले. "शेटजी, तुम्ही आणलेली झाडं कधी जात नाहीत, म्हणून ती कधी येतही नाहीत. आपल्या मातीतली ही झाडं जाणारी आहेत. त्यांना जाऊ द्यावं लागतं. कुडा आपली पानं टाकतो ती मरायला नव्हे, उन्हाळ्यात फुलायला. भुईचाफा तर मागे खूणदेखील ठेवत नाही. त्याची जागा आपण राखायची. जाणारा 'येतो' म्हणायला विसरला, तर राहिलेल्यानं ते त्याच्या वतीनं म्हणावं. पण तुम्ही काय केलंत? वरून पाणी ओतलंत आणि आत काय कुजतंय ते बघितलं नाहीत." मग त्यांनी विचारले, "पत्रांत काय लिहिलंत?"

"ये म्हणून लिहिलं. झोपाळ्याला नव्या कड्या घातल्या, ये. आंब्याला मोहोर आलाय, ये."

"आणि लुगड्याचं?"

अकरा पत्रांत लुगड्याचे अक्षरही नव्हते.

त्या दुपारी त्याने बायकोला ते लुगडे मागितले. ती पेटी उघडत म्हणाली, "अहो, मी एकदाही नेसले नाही. रंग जाणार म्हणालात ना." त्या शब्दांत राग नव्हता, म्हणून ते त्याला अधिक लागले. त्याने लुगडे विहिरीवर नेले, रिठ्याच्या पाण्यात भिजवले आणि स्वतःच्या हाताने धुतले. सुकल्यावर पुन्हा धुतले. असे पाच वेळा. पाचव्या वेळीही पिळलेले पाणी नितळ होते आणि दोरीवरचे लुगडे काटक्यांच्या त्या बागेत एकटेच डाळिंबी दिसत होते. व्यापारी त्याच्याकडे पाहत उभा राहिला आणि त्याला रडू आले.

मग त्याने बारावे पत्र लिहिले. "लुगडे पाच वेळा धुतले. रंग तसाच आहे. माझी बोटे चुकली, जीभ त्याहून चुकली. जावयांना सांग. तुझी आई आज ते नेसली आहे." 'ये' असे त्याने या वेळी लिहिले नाही. लिहावेसे फार वाटले, पण हात आवरला.

फाल्गुनात धायटी फांदीफांदीला लाल झाली. व्यापारी वाफ्याजवळून जाई, गोट्यांचे कडे नीट करी, पण माती उकरीत नसे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर येतो तो काय, कोरड्या भुईतून एकही पान नसताना जांभळी-पांढरी फुले वर आली होती. सगळी नव्हती. त्याच्या पाण्याने जे कंद कुजले होते त्यांच्या जागा तशाच उघड्या होत्या. त्या भरून काढाव्यात असे त्याला वाटले नाही.

तृतीयेला गौर बसली आणि दुपारी टपाल आले. कार्डावर वत्सलेचे अक्षर होते, आणि तीन वर्षे उंबऱ्यावर राहिलेला तो एकच शब्द होता.

"येते."

बायकोने कार्ड दोनदा वाचून घेतले. "कधी, ते लिहिलं नाही का हो?"

"नाही लिहिलं," व्यापारी म्हणाला.

आणि ते विचारायला त्याने तेरावे पत्र लिहिले नाही. दाराची कडी मात्र त्या दिवसापासून त्याने दिवसा कधी लावली नाही.