पुंजाजी मास्तराचा पर्यावरणाचा तास

नदीकाठच्या एका गावात एक भोळा मास्तर होता. भोळा म्हणजे किती? पाहुणा निघताना ‘येतो’ म्हणाला, की हा त्याची वाट बघत दारातच बसायचा. त्याचं नाव पुंजाजी.

शाळेत पर्यावरणाचा नवा तास सुरू झाला. तो कुणालाच नको होता. गणिताच्या मास्तरांचे गुडघे दुखत होते. इंग्रजीच्या बाईंना ऊन सोसत नव्हतं. पुंजाजीला काहीच होत नव्हतं. म्हणून तास त्याला मिळाला.

मुख्याध्यापिका कुमुदबाई म्हणाल्या, “मास्तर, हा विषय नुसता फळ्यावर शिकवू नका. पोरांकडून करून घ्या. नीट शिकवलात तर तुम्हाला कायम करू. सुरुवात पाण्यापासून. एक थेंबसुद्धा खर्च होता कामा नये.”

“थेंबसुद्धा नाही, बाई.”

पुंजाजीनं पोरांकडून सगळे नळ सुतळीनं आवळून घेतले. अंगणातली नवी रोपं माना टाकू लागली.

“सर, पाणी घालू?” पोरांनी विचारलं.

“थेंबसुद्धा नाही.”

रोपं वाळली. बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, झाडांचंही पाणी तोडलंत? हिरवं दिसलं की पाणी घालायचं!”

“घालतो, बाई.”

दुसऱ्या दिवशी चित्रांचं प्रदर्शन होतं. पोरांनी रंगवलेली जंगलं भिंतभर लावलेली. सगळी हिरवीगार. पुंजाजीनं पोरांच्या हाती बादल्या दिल्या. जंगलं वाहत वाहत व्हरांड्यात आली. चित्रकलेच्या बाई हिरवी साडी नेसून मध्येच उभ्या होत्या. त्यांनाही दोन तांबे मिळाले.

“मास्तर!” कुमुदबाई ओरडल्या. “एवढा कागद नासवलात! कागद कुठून येतो? झाडापासून. कागद म्हणजे झाडच समजा!”

“समजलो, बाई. झाडच.”

तेवढ्यात सहामाहीचे पेपर तपासायला आले. अंगणात रोपांचे खड्डे रिकामेच होते. पुंजाजीनं एकेका खड्ड्यात एकेक गठ्ठा उभा केला. माती लोटली, पाणी घातलं, शेळ्यांनी तोंड लावू नये म्हणून भोवती काट्या रोवल्या. पोरांनी इतक्या मनापासून वृक्षारोपण कधीच केलं नव्हतं.

बाईंनी खड्डे उकरले, तेव्हा हाताला लगदा लागला. त्या रडायच्याच बाकी होत्या.

“मास्तर, आता शेवटचं सांगते. उद्या संस्थेचे अध्यक्ष सर्जेराव तात्या येणार. स्वच्छ शाळेचं बक्षीस द्यायला. आपल्याला ते मिळालंच पाहिजे. कचरा वेगळा करा. जे कुजतं ते ठेवा, त्याचं खत होतं. जे वर्षानुवर्षं कुजत नाही, जसंच्या तसं राहतं, ते उचला आणि घंटागाडीत घाला.”

“घालतो, बाई.”

रोपं उरली नव्हती, म्हणून बाईंनी मांडववाल्याकडून प्लास्टिकची झाडं आणून लावली होती. पाहुणे यायच्या आतच ती घंटागाडीत गेली. बाईंना बोलायला वेळच मिळाला नाही, कारण तात्या आले.

तात्यांना हार घातला. तात्या बोलायला उठले. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला.

“बाळांनो,” तात्या म्हणाले, “किती सरकारं आली, गेली. किती मुख्याध्यापक आले, गेले. पण या खुर्चीत मी वर्षानुवर्षं बसलोय. जसाच्या तसा!”

पुंजाजी ताडकन उठला. “तात्या, खरंच जसेच्या तसे?”

“अगदी जसाच्या तसा!” तात्यांनी छाती फुगवली. “अजून कितीही वर्षं जाऊ देत, मला काही होत नाही!”

पुंजाजीनं पोरांकडे पाहिलं. पोरांनी बाह्या सरसावल्या. तात्यांना वाटलं, आपल्याला खांद्यावर घेऊन मिरवणार. त्यांनी लोकांना नमस्कारही केला.

फाटकात घंटागाडीवाल्यानं विचारलं, “ओला का सुका?”

“सुका,” पुंजाजी म्हणाला, आणि पोरांनी तात्यांना आत घातलं.

गाडी घंटा वाजवत निघाली. तेवढ्यात पुंजाजी ओरडत मागे धावला. “थांबवा! थांबवा!”

बाईंच्या जिवात जीव आला.

पुंजाजीनं गाडीत हात घालून तात्यांच्या गळ्यातला झेंडूचा हार तेवढा काढून घेतला. मग पोरांकडे वळून म्हणाला, “हे असं चुकतं बघा. याचं खत होतं.”